तळघरातली तिसरी उमेदवार

१

तिसऱ्या उमेदवाराला आत बोलावलं, तेव्हा बाहेरच्या बाकावर तिची पर्स होती, अर्धा प्यालेला चहा होता, ती नव्हती.

"असेल इथंच कुठंतरी, घेऊन येते," असं निवड समितीला सांगून वहिनी बाहेर पडली. मुलाखत सोडून भटकणाऱ्यांतली ती बाई नव्हती.

शहरातली सगळी सार्वजनिक ग्रंथालयं, म्हणजे ही मध्यवर्ती इमारत आणि गल्लोगल्लीच्या शाखा, ज्याच्या हाताखाली चालतात त्या संचालकाची निवड त्या दिवशी व्हायची होती. मोठ्या पदांसाठी माणसं हुडकून आणणं हा वहिनीचा धंदा. तिच्या दारावर तिच्या खऱ्या नावाची पाटी आहे. पण पुढं जे घडलं त्यात तिचे दीर पोलिसी गणवेशात येऊन चारचौघांत तिला 'वहिनी, वहिनी' करत राहिले, आणि तेव्हापासून त्या इमारतीत शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळ्यांची ती वहिनी झाली. आपणही तेच म्हणू.

तिनं तीन माणसं निवडून आणली होती. एक इथलेच उपसंचालक. दुसरे दूरच्या शहरातले प्राध्यापक. आणि तिसरी ही बाई, जिला सगळे गाडीवाली म्हणत, कारण आडवळणाच्या गावांना पुस्तकांनी भरलेल्या गाड्या नेण्यात तिची निम्मी हयात गेली होती.

सकाळच्या चहाला सगळे एकत्र होते तेव्हा गाडीवाली लहान मुलीसारखी खुलली होती. लहानपणी तिनं एका मुलांच्या साप्ताहिकाला एक कोडं लिहून पाठवलं होतं आणि ते छापून आलं होतं. तो अंक घरात टिकला नाही. पण त्या साप्ताहिकाचे पहिल्यापासूनचे सगळे अंक याच ग्रंथालयाच्या तळघरात आहेत, हे कुणाला माहीत नव्हतं? काही वर्षांपूर्वी नदीचं पाणी तळघरात शिरलं तेव्हा मावळत्या संचालकांनी, म्हणजे साहेबांनी, छातीभर पाण्यात उभं राहून ते अंक वाचवले होते. नव्या सभागृहाला त्यांचं नाव द्यायचं ठरलं होतं ते त्यामुळेच.

"मी इथं आले ना, तर सगळ्यात आधी ते अंक बाहेर काढीन. मुलांच्या हातात देईन," गाडीवाली म्हणाली होती.

"मुलाखत तर होऊ दे. मी स्वतः नेऊन दाखवतो," साहेब हसून म्हणाले होते.

तिला तेवढा धीर निघाला नसणार. वहिनी जिना उतरून तळघरापाशी आली. दार उघडं होतं. आत मिट्ट काळोख.

"अहो ताई, आत आहात का?"

उत्तर आलं नाही. पण आतून कुठूनतरी एक आवाज येत होता. कुणीतरी बारीक नळीतून हवा ओढून घेत असल्यासारखा. वहिनीनं भिंत चाचपून बटण दाबलं. दिवे फडफडत लागले. समोर एक टेबल होतं, आणि त्यामागं लोखंडी कपाटं उभी होती. रुळांवर सरकणारी. प्रत्येकाच्या कडेला मोठं चाक. चाक फिरवलं की कपाट सरकतं, एक बोळ मिटतो आणि दुसरा उघडतो. एका वेळी एकच बोळ उघडा राहू शकतो, एवढीच जागा.

आवाज सगळ्यात शेवटून येत होता. शेवटचं सरकतं कपाट भिंतीतल्या पक्क्या कपाटाला जाऊन भिडलं होतं, आणि त्या दोहोंच्या फटीतून एक हात बाहेर आला होता. मुठीत पांढरी सुती फीत लोंबत होती.

वहिनी धावली. तिनं दोन्ही हातांनी चाक धरलं आणि जिवाच्या आकांतानं फिरवलं. ते इतक्या झटक्यात फिरलं की तोल जाऊन ती मागच्या भिंतीवर आदळली. घाबरल्यावर माणसाच्या अंगात कुठून बळ येतं कोण जाणे, असं तिला वाटून गेलं. कपाट सरकलं. गाडीवाली दुमडलेल्या चादरीसारखी खाली कोसळली.

२

समितीच्या अध्यक्ष एक निवृत्त डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनीच खाली येऊन तपासलं, गाडीवालीला रुग्णवाहिकेत घातलं आणि घाम पुसत म्हणाल्या, "दोन बरगड्या गेल्यात, डोकं कपाटाच्या कडेवर आपटलंय. शुद्ध कधी येईल सांगता येत नाही. पण एवढं ओझं अंगावर येऊन माणूस जगतं कसं, याचंच नवल वाटतंय. नशीब बलवत्तर, दुसरं काय."

भाऊजी आले. वहिनीचे दीर, या भागाचे पोलीस निरीक्षक. घरी जेवायला बसले की ताटातलं मीठ शोधताना चष्मा डोक्यावर विसरणारे भाऊजी इथं मात्र वेगळेच दिसत होते.

"अपघात," त्यांनी सगळं बघून सांगितलं. "बाई आत होती, कुणीतरी न बघता चाक फिरवलं, आणि आता घाबरून बोलत नाहीये."

"खीळ लावली होती इन्स्पेक्टरसाहेब!" तळघराचे रखवालदार नाना कळवळून म्हणाले. प्रत्येक चाकाजवळ साखळीला एक लोखंडी खीळ होती. माणूस आत असेल तर ती चाकाच्या भोकात घालायची, म्हणजे चाक जागचं हलत नाही. "बाईंना मीच आत सोडलं. दिवा लावला, खीळ माझ्या हातानं घातली. मग मला वर जावं लागलं."

"कशाला?"

नाना आपल्या चपलांकडे बघत राहिले. "वरून निरोप आला होता."

"कुणाचा?"

"...आठवत नाही."

भाऊजींनी वहिनीकडे अशी नजर टाकली, की हा म्हातारा खीळ घालायला विसरला आणि आता सारवासारव करतोय. पण वहिनीची नजर साखळीवर होती. खीळ चाकात नव्हती, आणि कुठं पडलेलीही नव्हती. ती आपल्या आकड्यावर नीट अडकवून ठेवली होती.

"भाऊजी," ती हळूच म्हणाली, "मी आले तेव्हा दिवा बंद होता. नानांनी तो लावला होता म्हणतात. न बघता चाक फिरवणारा माणूस अंधारात येऊन फिरवतो का? की फिरवून झाल्यावर दिवा मालवून जातो?"

भाऊजींनी दिव्याचं बटण एकदा बंद करून पुन्हा लावून पाहिलं. त्यांना ते पटलं होतं, हे वहिनीला दिसलं. पटू नये असंच तिला मनातून वाटत होतं. कारण मग याच इमारतीत, सकाळी तिच्याबरोबर चहा प्यालेल्यांपैकी कुणीतरी ते केलं होतं, आणि तो माणूस अजून वर बसला होता.

"मी दवाखान्यात जातो. ती शुद्धीवर आली तर आधी मला ऐकायचंय," भाऊजी म्हणाले. "इमारतीतून कुणाला जाऊ देणार नाही. तळघराच्या दारावर एक हवालदार ठेवतो. तुम्ही घरी जा वहिनी."

"कुणाला जाऊ देणार नाही म्हणालात ना? मग मी कशी जाऊ?" तिनं पदर खोचला. "मी बोलते त्या सगळ्यांशी. समोरच्याला प्रश्न विचारून त्याच्या पोटातलं बाहेर काढायचं, यावरच माझं घर चालतं."

"आणि त्यातल्याच कुणी केलं असेल तर?"

वहिनी तोवर जिना चढू लागली होती. तो प्रश्न स्वतःला विचारायचंही तिच्यात धाडस नव्हतं.

३

प्राध्यापक पहिल्यांदा भेटले. त्यांची मुलाखत चालू असतानाच हे घडलं होतं. त्यांना आत सोडताना वहिनीनं गाडीवालीला बाकावर पाहिलं होतं. म्हणजे ते आणि समितीतले सगळे सुटले. पण प्राध्यापक कुणापेक्षाही जास्त घाबरले होते.

"तिसऱ्या नंबरवर हात टाकला, आता दुसऱ्यावर टाकणार," ते पिशवी पोटाशी धरून म्हणाले. "मला हे पद नको. मला घरी जाऊ द्या. माझं नाव खोडा, आत्ता माझ्यासमोर खोडा."

वहिनीनं त्यांना पाणी दिलं आणि दार लोटून घेतलं. आतून कडी लावल्याचा आवाज आला.

उपसंचालकांची मुलाखत सर्वांत आधी झाली होती. त्यानंतर ते कुठं होते, हे कुणालाच माहीत नव्हतं. सदऱ्याची पाठ घामानं भिजली होती.

"कुठं होतात?"

"वर. म्हणजे... मागच्या जिन्यात."

"काय करत होतात?"

"काही नाही."

वहिनी काही न बोलता बसून राहिली. समोरच्याला शांतता सोसवत नाही, हे तिला कामावरून ठाऊक होतं. उपसंचालकांनी रुमाल काढला, घडी केला, परत उलगडला.

"रडत होतो," ते शेवटी म्हणाले. "बायकोला फोन लावला होता. मुलाखत वाईट गेली हो. पहिल्याच प्रश्नाला बोबडी वळली. डोळे लाल झाले, म्हणून कुणाच्या समोर आलो नाही. आता तुम्ही म्हणाल, पद मिळावं म्हणून याचा हिच्यावर राग. असेल! आहेच! पण मी तळघरात जात नाही. पूर येऊन गेल्यावर माझी इथं बदली झाली, तेव्हाच साहेबांनी बजावलं होतं, शेवटच्या कपाटांना कुणी हात लावायचा नाही, अंक नाजूक झालेत. मी कशाला लावतोय? मला त्या सरकत्या कपाटांची भीतीच वाटते."

लाज वाटण्यासारखी गोष्ट माणूस बचावासाठी सहसा रचत नाही, असा वहिनीचा अनुभव होता. तरी तिनं खात्री धरली नाही. बाहेर पडताना ती पाठमोरी झाली नाही. दारापर्यंत त्यांच्याकडे तोंड करूनच गेली.

साहेबांच्या खोलीत शिरल्यावर तिला दिवसभरात पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला. निम्मी खोली आवरून झाली होती. भिंतीवर पुराच्या दिवशीचा तो फोटो होता, छातीभर पाण्यात उभे साहेब, डोक्यावर खोकं. साहेबांनी स्वतः उठून तिला खुर्ची दिली.

"थरथरताय तुम्ही. बसा. तुम्हाला माहीतच आहे, मी तिच्याच बाजूचा होतो. इतक्या दिवसांनी कुणीतरी पुस्तकांवर जीव असलेलं माणूस येत होतं." त्यांनी पाण्याचा पेला तिच्यापुढं सरकवला. "नानांवर फार राग धरू नका. वय झालंय. खीळ घातली असं वाटतं, आणि राहून जाते."

"खीळ आकड्यावर अडकवलेली होती साहेब. आणि तिच्या मुठीत फीत होती."

"फीत?"

"खोक्यांना बांधतात ती. म्हणजे तिनं एखादं खोकं सोडलं असणार. पण सोडलेलं खोकं मला तिथं कुठं दिसलं नाही."

साहेबांनी टेबलावरची पुस्तकं उचलून खोक्यात रचली. "घाबरलेल्या माणसाला सगळ्यात अर्थ दिसायला लागतो," ते मायेनं म्हणाले. "समितीला सांगा, आजच उपसंचालकांचं नाव पक्कं करा आणि हा सगळा प्रकार मिटवा. लोकांचा ग्रंथालयावरचा विश्वास उडायला नको."

वहिनी मान डोलावून बाहेर आली. जिन्यात तिला डॉक्टरीणबाई भेटल्या. समिती खरोखरच उपसंचालकांचं नाव पक्कं करून मोकळी व्हायच्या बेतात होती. "आणखी काय करणार? एक दवाखान्यात, एक कडी लावून बसलाय," त्या वैतागून म्हणाल्या. "पण ती वाचली हे खरं. अहो, पुस्तकांनी भरलेलं कपाट म्हणजे काय ओझं असतं! छातीचा चुराच व्हायचा."

वहिनीचा पाय पायरीवरच थांबला. तिला ते चाक आठवलं. झटक्यात फिरलेलं, तिला मागं फेकणारं.

भीतीनं अंगात बळ आलं होतं, असं तिनं धरून चाललं होतं. पण खरंच तसं होतं का?

४

तळघराच्या दारावर हवालदार होते, म्हणून तर ती खाली उतरली. "मी हाक मारली तर लगेच या," तिनं त्यांना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, "मी कुठं जातोय वहिनी!"

दिवे लावून तिनं दाराजवळच्या पहिल्या कपाटाचं चाक धरलं. हललं नाही. अंगाचा सगळा भार टाकला तेव्हा पुढच्या कपाटापर्यंतच्या बोटभर फटीपुरतं ते कुरकुरत जेमतेम सरकलं. पुराच्या पाण्यानं रूळ गंजले होते. दुसरंही तसंच, तिसरंही. तिचे दंड भरून आले. मग ती शेवटच्या कपाटापाशी गेली आणि एका हातानं चाक फिरवलं.

ते पाळण्यासारखं सरकलं.

 ओझं नव्हतं म्हणून गाडीवाली जगली होती. नशिबाचा त्यात काही संबंध नव्हता.

पण मग सोडलेलं खोकं कुठं गेलं? जो बोळ गाडीवालीच्या अंगावर मिटला, तो मिटताना त्याच कपाटाच्या अलीकडे दुसरा बोळ उघडला असणार. वहिनीनं कपाट पुन्हा भिंतीला नेऊन भिडवलं आणि तो अलीकडचा बोळ उघडला. तिथं समोरच्या कपाटात, पुरानंतर आणून भरलेल्या नगरपालिकेच्या जुन्या अहवालांच्या ओळीत, अगदी कडेला, एक खोकं घुसवलेलं होतं. त्याच्यावर साप्ताहिकाचं नाव होतं आणि त्याला फीत नव्हती. तिनं झाकण उघडलं.

आत काही नव्हतं. धूळसुद्धा नव्हती.

आता डोक्यात एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसू लागली. खोकं बोळात असतं तर तिच्याबरोबर चेपलं असतं, म्हणजे गाडीवालीनं ते बाहेरच्या टेबलावर उजेडात आणून सोडलं. रिकामं निघालं. चूक झाली असेल म्हणून ती दुसरं आणायला परत आत गेली. तेवढ्यात कुणीतरी आलं. पदासाठी तिच्यावर उठलेला माणूस चाक फिरवून पळाला असता. उघडं खोकं त्याला काय करायचंय? पण हा माणूस थांबला. ती कण्हत असताना थांबला. खोकं झाकून दुसरीकडे लपवलं आणि मग दिवा मालवून गेला. खोकं रिकामं आहे हे लपवणं त्याला तिच्या जिवापेक्षा मोठं वाटलं.

असा माणूस एकच होता. त्याचा फोटो वरच्या खोलीत होता. आणि फितीची गोष्ट मघाशी तिनं स्वतःच्या तोंडानं त्यालाच सांगितली होती.

ती पळाली असती. पण वर जाऊन साहेबांच्या विरुद्ध बोलायचं, तर एका खोक्यावर कोण विश्वास ठेवणार? समिती सह्या करायला बसली होती. तिनं कपाट सरकवून शेवटचा बोळ उघडला, खीळ चाकात घट्ट घातली, दोनदा ओढून बघितली, आणि आत शिरली. एक खोकं काढलं, रिकामं. दुसरं, रिकामं. खालचं, रिकामं. खालपासून वरपर्यंत नीट फिती बांधलेली, नावं लिहिलेली, आणि आत काही म्हणजे काही नाही.

दिवे गेले.

"हवालदार?" तिनं हाक मारली.

दाराकडून सावकाश, ओळखीची वाट असल्यासारखी पावलं आली. कपाटाच्या टोकाशी थांबली. मग लोखंडावर लोखंड घासल्याचा बारीक आवाज झाला.

कुणीतरी खीळ काढली होती.

५

कपाट सरकायला लागलं. वहिनीनं दोन्ही हात लावून ते रेटायचा प्रयत्न केला, पण चाकाच्या जोरापुढं हात काय करणार? लोखंडी कड हातभर अंतरावर आली. गाडीवालीचा तो नळीतून आल्यासारखा श्वास तिला आठवला, आणि तिला कळलं की हाच आवाज आता आपल्या तोंडून निघतोय.

आणि मग भीतीनंच तिला सुचवलं. खोकी रिकामी आहेत, म्हणजे कपाटही रिकामंच आहे! तिनं भिंतीतल्या पक्क्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या, मोठ्या कप्प्यातली खोकी हातानं ओरबाडून बाहेर फेकली, खाली बसली आणि गुडघे हनुवटीला लावून त्या कप्प्यात शिरली. सरकतं कपाट फेकलेल्या खोक्यांना चिरडत आलं. पुठ्ठे कडाकडा मोडले. कपाट तिच्या खांद्याला लागून थांबलं.

काळोखात ती पार्सलासारखी पडून राहिली. तोंडावर हात दाबून धरला.

"वहिनी," साहेबांचा आवाज आला. नेहमीसारखाच मऊ, मायेचा. तो तसा होता याचीच तिला जास्त भीती वाटली. "ओरडू नका. ओरडलं की जास्त दुखतं."

वहिनीनं पदराचा बोळा दातांत धरला.

"मी तुम्हाला सांगितलं होतं, मिटवून टाका म्हणून. त्या बाईला पण म्हटलं होतं, मुलाखत होऊ दे. तरी ती तळघराकडे जाताना मला दिसली. तिची निवड झाली असती तर मी बसून तिला समजावलं असतं. पण ती टेबलाशी उभी होती, उघडं खोकं पुढ्यात घेऊन. मला बघितलं नाही तिनं. परत आत गेली." ते थांबले. "पाणी ओसरलं तेव्हा फक्त लगदा उरला होता हो. एकूण एक अंक. मी तो फावड्यानं काढला, कुणाला येऊ दिलं नाही. वर आलो तर दारात माणसं जमलेली. एक लहान मुलगी पुढं आली आणि म्हणाली, आजोबा, आमचे अंक वाचले का? मी हो म्हटलं. फक्त तिचं समाधान म्हणून. पण मागं फोटोवाले उभे होते."

कपाट थोडं आणखी रेटलं गेलं. वहिनीचा खांदा चेपला आणि नको तेव्हा तिच्या तोंडून विव्हळणं बाहेर पडलं. तो आवाज जमिनीच्या बाजूनं आला होता, जिथून यायला नको होता.

 मग मोबाइलचा उजेड फटीतून आत आला, मोडक्या खोक्यांवरून फिरला, आणि तिच्या पायावर येऊन थांबला.

"आत शिरलात होय," ते म्हणाले.

चाक उलटं फिरू लागलं. बोळ उघडत होता. साहेब तो तिला सोडवायला उघडत नाहीयेत हे कळायला फार अक्कल लागत नव्हती. उजेड जवळ येऊ लागला. वहिनी कप्प्यात मागं मागं सरकत गेली. मागं भिंत होती.

"भाऊजी!" ती जिवाच्या करारानं ओरडली. भाऊजी तिथं नाहीत हे तिला माहीत होतं. तरी तेच नाव तोंडात आलं.

"कोण आहे तिकडं!" जिन्यात बूट धडधडले. सगळे दिवे एकदम लागले.

६

हवालदाराला साहेबांनीच सांगितलं होतं, अध्यक्षबाईंनी वर बोलावलंय म्हणून. तो वर गेला आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी? मी कशाला बोलावू?" तिथंच कोपऱ्यात नाना बसले होते. ते ऐकून त्यांचा चेहरा पांढरा पडला. सकाळी त्यांनाही साहेबांनी असंच वर पाठवलं होतं, खुर्च्या लावायला. आणि वर खुर्च्या आधीच लागलेल्या होत्या. ज्या माणसानं आपल्याला नोकरी दिली त्याचं नाव घ्यायला त्यांची जीभ रेटत नव्हती. आता रेटली. "खाली चला," ते ओरडले, "आधी खाली चला!"

साहेबांनी काही झटापट केली नाही. हवालदारानं हात धरला तेव्हा ते खाली वाकून मोडलेली खोकी सरळ करत होते.

गाडीवाली दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आली. वहिनी खुर्ची ओढून पलंगाशी बसली आणि सगळं सांगितलं. खोक्यांची गोष्ट सांगताना तिला अवघड वाटत होतं. "तुमचं कोडं गेलं हो ताई. एकही अंक राहिला नाही."

गाडीवालीनं उशीवर मान सरळ केली. "त्या दिवशीच त्यांनी खरं सांगितलं असतं ना," ती हळूहळू, बरगड्या सांभाळत म्हणाली, "तर लोकांनी घराघरांतून अंक आणून दिले असते. पाटीभर तरी जमले असते." मग तिनं मान वळवली. "जागा भरली का?"

"उपसंचालकांनी स्वतःच नाव मागं घेतलं. प्राध्यापक तर मिळेल त्या गाडीनं पळाले." वहिनीनं तिचा हात धरला. "पण तुम्ही नाही म्हणालात तरी कुणी काही बोलणार नाही. मीच म्हणेन, नाही म्हणा."

"समितीला सांगा, मुलाखत इथंच घ्या. मला उठता येत नाही."

आणि खरंच तसं झालं. समिती दवाखान्यात आली, पलंगाभोवती स्टुलं घेऊन बसली. नर्सबाईंनी दोनदा दम दिला तरी मुलाखत पूर्ण झाली.

ती रुजू झाली त्या सकाळी तिनं वहिनीला बरोबर बोलावलं. दोघी जिना उतरून तळघराच्या दारापाशी आल्या. दिवे लख्ख लागले होते. कपाटं आपापल्या जागी उभी होती. वहिनीचे पाय उंबऱ्यावरच खिळले.

"माझ्याच्यानं आत येववणार नाही," ती म्हणाली. तिला स्वतःची लाज वाटत होती. "मला अजून रात्री कप्प्यात असल्यासारखं वाटतं. ह्यांना दिवा लावून झोपावं लागतं माझ्यामुळं."

"मला काय धाडस आलंय असं वाटतं तुम्हाला?" गाडीवालीनंही अजून उंबरा ओलांडला नव्हता.  "पण आज नाही गेले, तर कधीच जाणार नाही. ती खोकी काढल्याशिवाय जागा होणार नाही. लोकांना सांगायचंय, जे असेल ते आणून द्या म्हणून. तुम्ही इथंच थांबा. दारातून हलू नका, आणि बोलत राहा. काहीही बोला. तुमचा आवाज ऐकू येत राहिला की मी पुढं जाईन."

"काय बोलू?"

"काहीही."

गाडीवाली आत गेली. वहिनीनं दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली आणि बोलायला सुरुवात केली. सकाळी दूध उतू गेल्याचं सांगितलं. सासूबाईंच्या गुडघ्याचं सांगितलं. भाऊजी चष्मा डोक्यावर ठेवून तोच घरभर कसा शोधतात, ते सांगितलं. आत चाक फिरल्याचा आवाज झाला, तशी ती जास्तच मोठ्यानं बोलू लागली. शेजारणीचं, धाकट्या मुलाच्या गणिताच्या मास्तरांचं, कशाकशाचं. जिन्यावरून जाणारे लोक थांबून बघायला लागले. तिनं त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

"ऐकू येतंय ना ताई?" तिनं मध्येच विचारलं.

"येतंय," आतून, खूप लांबून आल्यासारखा आवाज आला. "थांबू नका. मग मास्तर काय म्हणाले?"